सासऱ्यानं आंदण दिलेला रस्ता

मीनाक्षीला आधी वाटलं, मागून कोणीतरी बोललं. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा. स्कूटीच्या मागच्या सीटवर कोणी नव्हतं, आणि असणार तरी कोण, बाई एकटीच शाळेत निघालेली. झालं होतं ते एवढंच, की चौकाच्या अलीकडे डाव्या कडेनं मुकाट चाललेली एक पांढरी कार एकाएकी तिच्या पुढ्यातून आडवी उजवीकडे घुसली होती. ना इंडिकेटर, ना हात, ना हॉर्न. मीनाक्षीनं दोन्ही ब्रेक आवळून स्कूटी कशीबशी उभी केली तेव्हा पिशवीतल्या वह्या रस्त्यावर आणि डबा तिच्या पायावर. इथवर नवल काही नाही. मध्य प्रदेशातल्या या बालाघाटात हे रोज सकाळी दहा वाजता होतं, आणि लोक मनातल्या मनात पुटपुटून आपापल्या कामाला लागतात. नवल होतं ते त्यानंतर तिच्या गळ्यातून जे निघालं त्याचं. चांगलं खणखणीत, चौकातल्या पानवाल्यानं चुन्याचा हात थांबवून बघावं इतकं: "अबे डोयेफुट्या, तुह्या सासऱ्यानं रस्ता आंदण देल्ला का तुले?" कारची काच खाली गेली. आतला माणूस चाळिशीचा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, त्यावर राजेंद्र एवढं वाचता येत होतं. आता हा हिंदीत भांडेल म्हणून मीनाक्षीनं हिंदीतली वाक्यं गोळा करायला घेतली, कारण भांडणं असोत की भाषणं, चौपन्न वर्षं तिनं घराबाहेर सगळं हिंदीतच केलेलं. पण तो खाली उतरला, वाकून वह्या उचलल्या, पँटीला पुसल्या आणि तिच्या हातात देत म्हणाला, "ताई, चुकलं माहं. पन खरं सांगू का, सासऱ्यानं तं गाडीसुदीक नाही देल्ली." मग जरा खालच्या आवाजात, "माही माय बोले असं. किती वर्सानं आईकलं बाप्पा." मागे हॉर्नची जत्रा भरली होती. मीनाक्षी कानांच्या पाळ्या तापलेल्या घेऊन तशीच शाळेकडे निघून गेली.

पहिल्या तासाला बारावीच्या मुलींना समास शिकवायचे होते. मुलींच्या शासकीय शाळेत ती हिंदीची व्याख्याता, आणि गावात तिची ख्याती अशी की मैडम रागावल्या तरी 'कृपया' म्हणून रागावतात. फळ्यावर तिनं 'नीलकंठ' लिहिलं, बहुव्रीहीचं ठरलेलं उदाहरण, 'नीला है कंठ जिसका', आणि खडू हातात असतानाच तिच्या डोक्यात आलं की डोयेफुट्या हासुद्धा बहुव्रीहीच की. फुटले आहेत डोळे ज्याचे, तो. नियमात चोख बसतो. तिला हसू फुटलं, आणि ते आवरावं तर आवरेना. पहिल्या बाकावरच्या खुशी नावाच्या मुलीनं विचारलं, मैडम, क्या हुआ, तेव्हा कुछ नहीं बेटा म्हणून तिनं फळ्याकडे तोंड केलं, आणि फळ्याकडे तोंड करून आणखी हसली. पण हसण्याच्या खाली काहीतरी हललं होतं, आणि ते दिवसभर हलत राहिलं. वाक्य तिचं नव्हतं. 'सासऱ्यानं' वरचा तो उंच सूर, 'तुले' म्हणताना तो खाली सोडणं, 'का' च्या अगोदरचा तो जरासा दम, हे सगळं सबंधच्या सबंध आईचं होतं. तिच्या आईचं, अनुसयाबाईंचं, ज्यांच्या तोंडून गेले अकरा महिने एकही वाक्य निघालेलं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी भाजी निवडता निवडता अनुसयाबाई कलंडल्या. मेंदूत डाव्या बाजूला गुठळी. उजवा पाय, उजवा हात आणि वाचा, तिन्ही एकदमच गेले. पाय परत आला, थोडा ओढत का होईना. हात आला नाही, तो मांडीवर पडून असतो, आणि अनुसयाबाई त्याला डाव्या हातानं उचलून इकडून तिकडे ठेवतात, पाहुण्याच्या अंथरुणासारखा. वाचेतून परत आला तो एकच शब्द: तं. त्यालाही शब्द म्हणावं की नाही, देव जाणे. आपल्याकडे 'तं' नं वाक्य सुरू होतं, तं मग काय झालं, तं असं झालं, तं जाऊन राह्यलो आम्ही. सुरू होतं, पुढे जातं. अनुसयाबाई 'तं' म्हणायच्या आणि घरातली माणसं हातातलं काम सोडून पुढच्या शब्दाची वाट बघायची. अनुसयाबाई स्वतःही बघायच्या. मग त्या डोळे मिटून घ्यायच्या. डॉक्टर भला माणूस, त्यानं खोटी आशा लावली नाही की खरी काढून घेतली नाही. म्हणाला, जे यायचं ते बहुतेक वर्षभरात येतं, पुढे कठीण होत जातं. आणि म्हणाला, जिभेवर सगळ्यात जास्त घासलेलं जे असेल ते आधी येतं, देवाचं काही, पाढे, गाणी, ते म्हणून घ्या. मीनाक्षीनं म्हणून घेतलं. रामरक्षा झाली, बे एके बे झालं, बारा महिने झाले, दळणाच्या ओव्या झाल्या. अनुसयाबाई ऐकून घ्यायच्या, सभ्यपणे, दुसऱ्याच्या घरची पूजा बघावी तशा. शेवटी 'तं' म्हणायच्या. आता नोव्हेंबर लागला होता आणि मीनाक्षी कॅलेंडरकडे बघायचं टाळत होती. तिला आईचा एक शब्द हवा होता, कोणताही. 'मीना' हवं होतं असंही नाही. 'मीठ' चाललं असतं.

आणि समासाच्या तासाला तिच्या ध्यानात आलं ते हे, की रामरक्षा आई कधी म्हणतच नसे. रामरक्षा बाबा म्हणायचे. आईच्या जिभेवर घासलेलं काही वेगळंच होतं, आणि ते देवघरात घासलेलं नव्हतं, मोटारसायकलवर घासलेलं होतं. बाबांनी, म्हणजे पाटबंधारे खात्यातल्या त्र्यंबकरावांनी, मीनाक्षी पाच वर्षांची असताना जुनी काळी मोटारसायकल घेतली, तिला सगळं होतं, फक्त हॉर्न नव्हता. बाबा इतके मवाळ की बकरी रस्त्यात बसली तर गाडी बंद करून तिला आप म्हणतील. तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली. बाबा गाडी चालवत, आणि हॉर्न आई वाजवी. पुढे टाकीवर मीनाक्षी, मध्ये बाबा, मागे एका अंगावर बसलेली आई, डोक्यावर पदर, आणि त्या पदराखालून निघालेला आवाज सायकलवाल्यांना नाल्यात घाली. बैलगाडीवाल्याला वेगळं, ट्रकवाल्याला वेगळं, रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत चाललेल्या पोट्ट्यांना वेगळं. पण जो न बघता, न सांगता आडवा शिरला त्याला मात्र ठरलेलं, सासरा आणि आंदण. महाराष्ट्रातल्या तिरोड्याकडचं माहेर, तिकडची भाषा. बाबांच्या ऑफिसातले साहेब ऐकून कानावर हात ठेवत. मीनाक्षीला लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरासमोरून जाताना ती टाकीवर डोकं खाली घालून बसायची. पुढे ती मोठी झाली, हिंदीत एम.ए. झाली, शुद्ध झाली, आणि ते सगळं तिनं कुठंतरी ठेवून दिलं, इतकं नीट की तिलाच ते सापडेना. बाबा गेल्यावर त्यांच्या टेबलाच्या खणात एक खोकं सापडलं होतं. आत नवाकोरा हॉर्न, कागदातून काढलासुद्धा नव्हता. मोटारसायकल घेतली त्याच महिन्यात आणलेला. पंचवीस वर्षं त्यांनी तो लावला नाही. आई त्या खोक्याकडे बघून म्हणाली होती, "लबाड," आणि पदर डोळ्यांना लावला होता.

मधल्या सुटीत डबा उघडून मीनाक्षी तशीच बसून राहिली. तिला आणखी एक आठवलं होतं, आणि त्यानं तिला जरा टोचलं. आईचं ते वाक्य तेवढंच नव्हतं, त्याला शेपूट होतं. आईचा राग पुढच्या विजेच्या खांबापर्यंतसुद्धा टिकायचा नाही. समोरचा थांबला, ओशाळला, की लगेच तिचा सूर खाली यायचा आणि त्याच दमात ती विचारायची, बरा हायेस ना बाप्पा, लागलं नाही ना? म्हणजे आधी सासरा काढायचा आणि मग ख्यालीखुशाली. परसवाड्याच्या रस्त्यावर एकदा एका ट्रकवाल्यानं ती दोन्ही वाक्यं ऐकून तिला अर्धं पोतं वांगी दिली होती. मीनाक्षीनं सकाळी पहिलंच वाक्य म्हटलं होतं. त्या राजेंद्रनं वह्या पुसून दिल्या, आणि आपण अर्ध्यावरच तोडून, कान तापवून निघून आलो. उसनी आणलेली वस्तू अर्धी वापरून परत केल्यासारखं तिला वाटलं. तिनं डबा बंद केला आणि प्राचार्यांना सांगून तासाभर लवकर घरी गेली.

आई खिडकीशी बसली होती. मीनाक्षी तिच्यासमोर वेताच्या मोढ्यावर बसली आणि सांगू लागली, आणि सांगू लागली ते हिंदीत नाही, इतके दिवस बोलत होती त्या पुस्तकी मराठीतही नाही. पहिली दोन वाक्यं तोंडात अडखळली, नवी चप्पल चावते तशी. मग सुटली. "आई, आज काय झालं तं, मी चौकात येऊन राह्यलती, आन एक कारवाला असा आडवा घुसला, पाय..." आपल्याकडे 'बघ'ला 'पाय'च म्हणतात. कार कशी घुसली, वह्या कशा सांडल्या, आपण काय बोललो, ते सगळं तिनं हातवारे करून सांगितलं, आणि सासऱ्याचं वाक्य आलं तेव्हा आईच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. उजवा जागचा हलला नाही, पण डावा गेला, आणि तो चांगलाच वर गेला. राजेंद्रचं उत्तर ऐकून तर अनुसयाबाईंचं पोट हललं. आवाज नाही, नुसतं पोट. "तं," त्या म्हणाल्या. मीनाक्षी थांबली. "तं," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि डाव्या हातानं त्यांनी दाराकडे, दाराबाहेर उभ्या असलेल्या स्कूटीकडे बोट केलं. तेव्हा काय करायचं ते ठरलं, आणि ते ठरवलं आईनं.

इंदुरातल्या श्रियानं, मीनाक्षीच्या मुलीनं, फोनवर डोक्याला हात लावला. नानी को स्कूटी पे, मम्मी आप ठीक तो हो? मलाजखंडच्या खाणीत नोकरीला असलेला, शनिवारी येणारा नवरा म्हणाला, माझा विरोध आहे आणि तो तुम्ही दोघी ऐकणार नाही हे मला माहीत आहे. फक्त ज्योत्स्ना, जी अनुसयाबाईंच्या हातापायांचे व्यायाम घ्यायची, ती म्हणाली की बसता येतंय, तोल आहे, हळू चालवा आणि बांधा. मीनाक्षीनं बांधलं. जुनी सुती ओढणी, आईच्या कमरेभोवती दोन वेढे, आपल्या पोटावर गाठ. डोक्यावर हेल्मेट घालताना अनुसयाबाईंनी असं तोंड केलं जसं कोणी त्यांच्या डोक्यावर पातेलं उपडं घातलंय. मग त्या दोघी ज्योत्स्नाच्या दवाखान्यात रिक्षाऐवजी स्कूटीवर जाऊ लागल्या, रोज सकाळी आठला. पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या गल्लीचं डावं वळण आलं, आणि मीनाक्षीच्या डाव्या खांद्यावर आईच्या हाताची एक थाप पडली. मीनाक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं. थाप जिवंत होती.

ती थाप कुठून आली तेही सांगायला हवं, कारण ती आमच्याच मुलखातली चूक आहे, दुसरीकडे कोणी करूच शकणार नाही. बाबा वाढले हिंदीत, सिवनीला, आई तिरोड्याकडची. मोटारसायकल नवी असताना ते बिरसा बाजूला कोणाच्या तरी लग्नाला निघाले. फाटा आला. मागून आई ओरडली, "डावा, डावा!" वारा, इंजिन, आणि बाबांच्या कानात तयार असलेली हिंदी, त्यांनी ऐकलं दायाँ, दायाँ. आता मराठीतला डावा म्हणजे एक हात, आणि हिंदीतला दायाँ म्हणजे नेमका त्याच्या उलटा हात. बाबा इमानदारीत उजवीकडे वळले. पाच मैलांवर एक गाव लागलं, गावात मांडव, मांडवात सनई, लोकांनी या बसा केलं, आईनं आहेराचं लुगडं नवरीच्या आईला दिलं, तिघंही पोटभर जेवले, आणि विडा खाताना कळलं की हे लग्न आपलं नव्हे. परत मागायची कोणाची छाती? दुसऱ्या दिवशी तिनं नियम घातला: आजपासून डावं-उजवं तोंडानं नाही. डावीकडे जायचं तर डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडे तर उजव्या. तेव्हापासून बाबा आयुष्यभर बिनचूक वळले. आणि आता जवळजवळ पन्नास वर्षांनी ती थाप मीनाक्षीच्या खांद्यावर पडत होती; प्रत्येक डाव्या वळणाला, वळणाच्या बरोब्बर दहा पावलं आधी. उजव्या वळणाला मात्र मागून काही यायचं नाही. उजवा हात ओढणीत गुंडाळून दोघींच्या मध्ये ठेवलेला असायचा. मीनाक्षी आपली आपण वळायची, आणि तिला आपला उजवा खांदा रिकामा असल्याचं जाणवायचं.

पण खरा बेत वेगळाच होता, आणि तो तिनं नवऱ्यालाही सांगितला नव्हता. तिला रस्त्यावर एक नालायक हवा होता. एकच, पण पक्का. न बघता आडवा शिरणारा. मग आईच्या गळ्यातलं ते वाक्य आपोआप निघेल, जसं तिच्या गळ्यातून निघालं होतं. म्हणून ती दवाखान्यातून परतताना मुद्दाम दहाची गर्दी गाठू लागली, मुद्दाम चौकातून जाऊ लागली. आणि काय सांगावं, बालाघाट सुधारलं. ज्या गावात रस्त्यावरचा पांढरा पट्टा हा गाडी त्यावरून सरळ चालवून बघण्यासाठी आखलेला असतो, जिथे ट्रकचा उजवा दिवा लागला तर तो वळतोय की 'या, पुढे जा' म्हणतोय हे ट्रकवाल्याच्या स्वभावावरून ओळखायचं असतं, जिथे मोटारसायकलवाला उजवीकडे वळताना फार तर डावा पाय जरा लांब करतो, त्या गावानं पाठीशी ओढणीनं बांधलेली, हेल्मेट घातलेली म्हातारी पाहिली आणि एका रात्रीत सभ्यपणा धरला. कारवाले थांबून आधी तुम्ही म्हणू लागले. ऑटोवाले बाजू देऊ लागले. तांब्याचा माल घेऊन मलाजखंडहून आलेल्या सोळा चाकी ट्रकनं त्या दोघींसाठी फुसकन ब्रेक लावून वाट करून दिली, आणि वरून ड्रायव्हरनं हात जोडले. मीनाक्षी दात-ओठ खाऊन धन्यवाद म्हणायची. तिच्या उभ्या जन्मात तिला कोणी इतकं सौजन्यानं वागवलं नव्हतं आणि इतका मनस्ताप दिला नव्हता. एकदा ती पांढरी कारसुद्धा दिसली. राजेंद्रनं लांबूनच इंडिकेटर लावला, खिडकीतून हात बाहेर काढून इशारा केला, हॉर्न वाजवला आणि इतक्या आदबीनं वळला की तिला त्याच्या मागे जाऊन सांगावंसं वाटलं, अरे बाबा, एकदा तरी तसाच घूस ना.

असे सोळा दिवस गेले. डिसेंबर चार दिवसांवर आला. तरीही, आणि हे मीनाक्षीला कबूल करायला जरा वेळ लागला, ते सोळा दिवस आनंदाचे होते. सकाळचं ऊन पाठीवर नसायचं, कारण पाठीवर आई असायची. आईची हनुवटी हेल्मेटसकट तिच्या खांद्याला लागायची, खड्डा आला की हेल्मेटला हेल्मेट ठोकायचं आणि मागे पोट हलायचं. मीनाक्षी मोठ्यानं बोलत राहायची, त्याच भाषेत, जे दिसेल ते: पाय आई, त्यानं कसं पाच माणसं बसवले, पाय, त्या बाईनं आरशात टिकली लावून पाह्यली चालत्या गाडीवर. आई 'तं' म्हणायची. आता त्या 'तं'च्या पुढे काही नाही याचं मीनाक्षीला पूर्वीसारखं भय वाटेनासं झालं होतं. एका वळणाच्या दहा पावलं आधी डाव्या खांद्यावर थाप येईल, आणि ती येतेच, एवढ्यावर एक सकाळ चांगली जाते हे तिला माहीत नव्हतं. नाहीच आला शब्द तर नाही. तिनं हे मनाशी म्हणून बघितलं. ते खरं नव्हतं, पण म्हणता आलं.

सतराव्या दिवशी दवाखान्यातून परतताना चौक आला. इथून डावीकडे घर. मीनाक्षी डाव्या कडेनं, वळणाच्या तयारीत, हळू येत होती आणि डाव्या खांद्याला थापेची वाट होती. दहा पावलं गेली, थाप आली नाही. आठ, सहा. आई झोपली की काय म्हणून तिनं वेग आणखी कमी केला. तेवढ्यात मागून ओढणी ताणली गेली. आईचं सगळं अंग उजवीकडे जोर करत होतं; ओढणीत गुंडाळलेला हात दोघींच्या मध्ये अडकून बसला होता, तो उचलायची धडपड, तो काही उचलत नव्हता. "तं," आई म्हणाली. "तं. तं." चौकातून उजवीकडे तळ्याचा रस्ता जातो, आणि या दिवसांत तिथे बायका शिंगाडे घेऊन बसतात, उकडलेले, काळे, वाफा निघणारे, बाबा दर हिवाळ्यात तिथे गाडी थांबवायचे. मीनाक्षीला हे सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी तिला एवढंच कळलं, की आईला उजव्या खांद्यावर थाप मारायची आहे आणि मारायला हात नाही.

"उजवा," मागून कोणीतरी बोललं.

मीनाक्षीनं मान वळवून पाहिलं. मागची सीट रिकामी नव्हती. हेल्मेटच्या आत आईचे डोळे मोठे झालेले, ऐकलंस का असं विचारणारे. बहुधा तिनं स्वतःही आत्ताच ऐकलं होतं. आणि मग आमच्या मीनाक्षीबाईंनी, ज्यांनी सोळा दिवस गावाच्या सभ्यतेवर दात खाल्ले होते, काय करावं? ना इंडिकेटर, ना हात, ना हॉर्न. डाव्या कडेवरून स्कूटी तशीच आडवी उजवीकडे घातली. मागून ब्रेकचा कर्कश आवाज आला. एक दूधवाला, मोटारसायकलला दोन बाजूंना कॅन, मोठ्या मिशा, तिच्या चाकापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. कॅनचं झाकण उडालं, दूध त्याच्या पँटीवर. तो ओरडला, आणि जे ओरडला त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. "मैडम, दिखता नहीं क्या? इंडिकेटर किसलिए दिया है? पीछे बुजुर्ग को बैठा के ऐसे मुड़ते हैं?" मीनाक्षीनं माफी मागायला तोंड उघडलं. तिची चूक होती, शंभर टक्के तिची. पण तिच्या माफीच्या आधीच तिच्या कानाजवळून, हेल्मेटमधून घुमत, काही अक्षरं जड, काही गिळलेली, पण सूर तोच, वर चढलेला आणि मग खाली सोडलेला, ते आलं.

"तं... तुह्या सासऱ्यानं... रस्ता आंदण देल्ला का तुले?"

चौकातल्या पानवाल्याचा हात पुन्हा थांबला. दूधवाला आ वासून बघत राहिला. इतका उघड अन्याय त्याच्यावर जन्मात कोणी केला नसेल, आणि मीनाक्षीला मनापासून वाटलं की याचे पाय धरावेत, कॅन भरून दूध द्यावं, पण तिला हलताच येईना, कारण ती हसत होती आणि रडत होती आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवून आईसकट स्कूटी सावरत होती. चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. सौजन्य संपलं होतं, बालाघाट पुन्हा बालाघाट झालं होतं, आणि तो सगळा गोंगाट तिला इतका आवडला की तो थांबू नये असं वाटलं. दूधवाल्यानं त्या हेल्मेटकडे बघितलं, ओढणीच्या गाठीकडे बघितलं. मग, काय कळलं असेल त्याला, मिशीवरून हात फिरवून त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "गलती हो गई, अम्मा."

अनुसयाबाईंचा सूर लगेच खाली आला. डावा हात मीनाक्षीच्या खांद्यावरून पुढे झाला, त्याच्या भिजलेल्या पँटीकडे.

"बरा हायेस ना बाप्पा?" त्या म्हणाल्या. "लागलं नाही ना?"

तो नाही म्हणाला. मीनाक्षीनं उजवा इंडिकेटर लावला, आरशात पाहिलं, हात बाहेर काढून दाखवला, आणि दोघी तळ्याच्या रस्त्याला लागल्या.